एकेक पान

(कोल्हापूर, १९७३. वनस्पती उद्यानाचं फाटक, दुपार.)

मास्तर : एकच हवंय, मीरासाब. दुसरं मागणार नाही.

मीरासाब : कालच तर चाळीस पोरं घिऊन आलतासा, नृसिंह मास्तर. आज परत बावड्यास्नं सायकल मारत आलासा, ते एका पानासाठी?

मास्तर : मधली सुट्टी आहे. वर्गात चिकटवायला प्रत्येकानं बागेतलं एक पान न्यायचं होतं. सगळ्यांनी नेलं. एक मुलगी तेवढी रिकाम्या हातानं आली.

मीरासाब : कशाचं पान?

मास्तर : सगळ्यांनी नेलं तेच, सीताअशोकाचं. तुम्ही राधानगरीच्या रानातून आणून लावलेलं ते रोप. असं दुसरं बागेत नाही, नीट बघून घ्या, असं मीच मुलांना सांगितलं होतं.

मीरासाब : चला तर. हितनं या, वाफ्यात पाय पडंल.

मास्तर : इथंच होतं की काल. ही काठी कसली रोवलीय?

मीरासाब : काठी न्हवं. त्योच अशोक हाय.

मास्तर : हा?

मीरासाब : बसा त्या दगडावर. पाणी आणू?

मास्तर : नको. मी एकेकच म्हणालो होतो हो. दोन तोडायची नाहीत, असं बजावलं होतं.

मीरासाब : व्हय, ऐकलं की मी. लई गुणाची पोरं. एकानंबी दोन तोडली न्हाईत.

मास्तर : तुम्ही तरी अडवायचं.

मीरासाब : कसं अडवू? तुमी म्हनला म्हनून काट्याचं कुंपण मीच बाजूला सारलं. मास्तर हाईत संगं, म्हनलं, आन् गेलो नळाकडं. सकाळी बागेच्या साहेबांनी इचारलं, शेळी शिरली का काय? मी गप ऱ्हायलो. शेळीवर गेलं.

मास्तर : संध्याकाळी येतो मी. साहेबांना खरं काय ते सांगतो.

मीरासाब : सांगा. मग शाळेच्या पोरांस्नी फाटक बंद व्हतंय का बघा.

मास्तर : जगेल का हे?

मीरासाब : शेंड्याला बघा, एक पान ऱ्हायलंय. त्येच्यावरच काय ती आशा. कुनी सोडलं, कुनास ठावं. तुमास्नी पायजे तर न्या.

मास्तर : नको, नको. हात लावू नका त्याला. खतिजानं सोडलंय ते.

मीरासाब : कोन खतिजा?

मास्तर : तीच, रिकाम्या हातानं आलेली. सकाळी म्हणाली, सर, एकच राहिलं होतं. मला खोटं वाटलं. भरगच्च रोप बघितलं होतं ना मी. म्हटलं, एक होतं तर तेच का नाही आणलंस?

मीरासाब : मग?

मास्तर : पोरं हसली. मीही हसलो, थोडासा.

मीरासाब : आन् आता कुठं हाय ती?

मास्तर : वर्गाच्या दाराबाहेर. पान मिळेपर्यंत उभी राहा म्हणालो होतो.

मीरासाब : सकाळधरनं? सुट्टीतबी?

मास्तर : मी सांगितल्याशिवाय बसायची नाही ती. सांगितलेलं ऐकते.

मीरासाब : मग हितं काय करतासा, मास्तर? कुंपण लावतो मी. जावा तुमी.

मास्तर : जातो. पण तिला सांगू तरी काय?

मीरासाब : आधी बस म्हना. मग सांगा, पान हाय अजून जाग्यावर.