सात नंबरचे बाबा

लेक : बाबा, चालून दाखवा. बसल्या बसल्या सगळेच बूट बसतात.

बाबा : चालतोय की. हे बघ.

लेक : तुम्ही आलात, बूट तिकडेच राहिला.

दुकानदार : काका, नंबर किती तुमचा?

बाबा : सात.

लेक : पाच.

बाबा : तू गप्प बस गं. सात. हे सातचेच आहेत, भेट मिळालेत. मला अगदी असेच हवेत, फक्त जरा आखूड.

दुकानदार : आखूड सात?

बाबा : हो. आणि डॉक्टरांनी पायाचं माप घेऊन बनवलेले हे सोल आत मावले पाहिजेत.

दुकानदार : काका, रागावू नका. एवढे जाड सोल घालूनही टाच बाहेर येतेय, म्हणजे आत अजून एक भाडेकरू राहील.

लेक : पाचमध्ये दाखवा हो.

दुकानदार : पाचमध्ये पुरुषांचं सहसा येत नाही, ताई. शाळेचे बूट आहेत. काळे, पट्टी चिकटवायची, टिकाऊ.

बाबा : उद्या माझं लग्न आहे. शाळेचा पहिला दिवस नाही.

दुकानदार : ताईंचं लग्न?

लेक : यांचं. नोंदणी कार्यालयात. मी मुलगी.

दुकानदार : अरे वा! अभिनंदन, काका. मग असं करू, बायकांच्यात एक काळा बूट आहे. कुणाच्या लक्षातही येणार नाही. पुढे एक फुलपाखरू आहे तेवढं, ते कापून देतो.

बाबा : चल गं, निघू आपण.

लेक : थांबा! होणाऱ्या बायकोला, त्या ड्रॉइंगच्या बाईंना, सरळ सांगा ना, तुम्ही दिलेले बूट मोठे होतात म्हणून.

बाबा : कसं सांगू? तिनं नंबर विचारला, मी तोऱ्यात सात म्हणालो. आधीच ती माझ्यापेक्षा वीतभर उंच. त्यात पाच नंबर कळला तर माझ्याशी लग्न करेल की मला दत्तक घेईल?

लेक : पण सातच का? तुमचे घरातले सगळे जोड सातचेच आहेत.

बाबा : दादाचा नंबर सात. त्याचे जुने झाले की मला. सगळे म्हणायचे, पाय वाढेल. पाय काही वाढला नाही, नंबर तेवढा चिकटला.

लेक : आणि सगळी कंडक्टरकी तशीच केलीत?

बाबा : मग काय! चालत्या बसमध्ये बूट निसटू नये म्हणून बोटं आवळून उभा राहायचो. एका हातात तिकिटं, एका हातात दांडी. डॉक्टर म्हणाले, तळव्यांची वाट त्यानंच लागली.

लेक : आईला कधी कळलं नाही?

बाबा : तिलाच कळलं. बुटात पुढे कापूस तीच भरायची. दबला की जुना काढून नवा. मी काही बोललो नाही, तिनं काही विचारलं नाही.

लेक : मला ती कापसाची पुडी आठवते. मला वाटायचं, दिव्याच्या वातींसाठी आहे.

बाबा : आता हिला कुठल्या तोंडानं सांगू, बाई, कापूस भर म्हणून?

लेक : बाबा, मला आईची फार आठवण येतेय.

बाबा : मलाही येतेय गं. सकाळपासून.

दुकानदार : काका, मध्येच बोलतो, पण शोकेसमध्ये अगदी असाच एक जोड आहे. काचेत आम्ही सगळ्यात लहान नंबर लावतो, नाजूक दिसतो. कुणी मागतच नाही, त्यामुळे माझ्या डोक्यातूनच गेला. बहुतेक पाचच आहे.

लेक : मग काढा की!

दुकानदार : डावा पाय उन्हात राहून जरा विटलाय. उजवा खोक्यात होता, नवाकोरा. पॉलिश मारलं की जुळे नाही, पण सख्खे भाऊ तरी दिसतील.

लेक : आतला सोल निघतो का?

दुकानदार : निघतो. हा घ्या, काढला. आता डॉक्टरांचा सरकवा. बसला बघा!

(बाबा दुकानाच्या दारापर्यंत चालत जातात, परत येतात, पुन्हा जातात.)

लेक : काय झालं? चावतोय का?

बाबा : नाही. पाय आत हललाच नाही. फटक फटक आवाजसुद्धा नाही.

लेक : मग चेहरा असा का?

बाबा : चालणं इतकं सोपं असतं, हे मला साठी उलटल्यावर कळतंय. राग येतोय गं मला. कुणाचा, ते सांगता येत नाही.

दुकानदार : बिल करू ना?

बाबा : करा. आणि हे त्या सातच्या खोक्यात घालून द्या. दिसायला सारखेच आहेत. तिला पत्ताही लागणार नाही.

लेक : बाबा, फोन काढा.

बाबा : आत्ता?

लेक : आत्ता. नाहीतर उद्या सह्या करायच्या आधी मी सगळ्यांसमोर सांगेन.

बाबा : तू कुणावर गेलीस कळत नाही... हॅलो, अहो, मी बोलतोय. छे छे, माघार कसली? ऐका तरी. ते बूट फार देखणे आहेत, पण मला मोठे होतात. माझा नंबर पाच आहे. पाच! हो, पायाचाच. आणि आत डॉक्टरांचे सोल घालावे लागतात. सात मी उगाच सांगितलं होतं... हं... असं?... बरं. बरं, ठेवतो.

लेक : काय म्हणाल्या?

बाबा : आधी हसत सुटली.

लेक : आणि मग?

बाबा : म्हणाली, बरं झालं बोललात. तुमच्याबरोबर फिरायला लागल्यापासून मी पोक काढून चालतेय, पाठ दुखायला लागली माझी. उद्या सरळ उभी राहते.

लेक : बाबा, मला या बाई आवडायला लागल्यात.