चौथा ठिपका

लाइल : कॉफी नको, बाई. बोलावलंत म्हणून आलो. सातला सभा आहे.

बाई : ठाऊक आहे. बंबाच्या शेडमध्ये, कारण गावाचा हॉल आगीत उरला नाही. बस.

लाइल : उभा बरा आहे.

बाई : सहावीतही असंच म्हणायचास. हा कागद वाच. तू खोदलेल्या गावाच्या बोअरची चाचणी, खाली सही तुझी. माझे डोळे अधू झालेत.

लाइल : डोळे अधू, म्हणे. मिनिटाला दोनशे गॅलन उपसलं, पाणी अठरा फूट उतरलं. तीनशेला सत्तावीस. चारशेला छत्तीस. पंप मूळ पातळीखाली पन्नास फुटांवर. चौदा फूट हातचे राखले होते. यात काय चूक?

बाई : काहीच नाही. आलेखावरचे तिन्ही ठिपके पट्टी धरून काढल्यासारखे. पंचेचाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या मी, लाइल. खरं मोजलेलं इतकं सरळ कधी बसत नाही.

लाइल : कोरीनने आगीचे दोन्ही नळ एकदम उघडले, म्हणून पाणी तुटलं. सगळं गाव तेच म्हणतंय.

बाई : आग लागल्यावर नाही तर कधी उघडायचे? चारशे गॅलन मिळावेत म्हणूनच तर बोअर घेतला. पंपाने हवा ओढली आणि त्या पोरीच्या हातातला पाइप लुळा पडला. आज तिचं अग्निशमन प्रमुखाचं पद काढून घेणार आहेत. काल कोणीतरी तिच्या गाडीच्या काचेवर हॉलची राख ओतली.

लाइल : मी नाही ओतली.

बाई : ओतणाऱ्याला तू थांबवू शकत होतास. चाचणीच्या या तीन पायऱ्यांपैकी खरंच किती चालवल्यास?

लाइल : ...एक. शुक्रवार होता. पोराची, केंटची, शाळेतली शेवटची मॅच. दोनशेवर दीड तास चालवला आणि बंद केला. पुढचे दोन आकडे गाडीत बसून लिहिले. दोनशेला अठरा, तर चारशेला छत्तीस. कोणीही तेच लिहिलं असतं.

बाई : नुसती वाळू असती तर चाललं असतं. वाळूत पाणी सरपटतं. दुप्पट ओढ लावली की दुप्पट येतं. पण तू नळीभोवती खडी भरतोस आणि तिथे सगळीकडचं पाणी एकदम घुसतं. तिथे ते धावतं. धावणाऱ्याला दर दगडाला वळण घ्यायचं म्हणजे स्वतःचाच वेग आडवा येतो. तुझ्या अठरातले दहा फूट सरपटण्याचे धर, आठ धावण्याचे. आता दुप्पट उपस. दहाचे?

लाइल : वीस. मी काय अकरा वर्षांचा आहे?

बाई : आठाचे?

लाइल : सोळा.

बाई : बत्तीस. ते दुपटीला चौपट होतात.

लाइल : म्हणजे बावन्न. आणि पंप पन्नासावर.

बाई : हो.

लाइल : हे कधी शिकलात?

बाई : हॉल जळल्यावर. पुस्तकं मागवली.

लाइल : मला अकराव्या वर्षी माहीत होतं.

बाई : काय?

लाइल : सहावीत तुमच्या प्रयोगाला काचेच्या बरण्या होत्या. आधी वाळूची केली, मग तुम्ही खडीची दिलीत. वरची बादली एकेक हात चढवत जायची आणि खालचं पाणी मोजायचं. चौथ्या वेळी पाणी कमीच आलं. तीनदा मोजलं, तीनदा कमी. ठिपका रेघेच्या खाली गेला. तुम्ही म्हणालात, हात हलला असेल, खोड तो. खोडला. पैकीच्या पैकी दिलेत. आईने तो कागद फ्रिजवर लावला होता.

बाई : मला आठवत नाही.

लाइल : तुम्हाला कशाला आठवेल. माझ्यासारखे हजार गेले हाताखालून. पण तेव्हा मला समजलं, बाईंना पाणी नको, रेघ हवी. नंतर भेटलेल्या साहेबांनाही रेघच हवी होती.

बाई : ...सभेत मी आधी बोलेन. खोडायला मीच शिकवलं, हे सांगेन.

लाइल : सांगा. तुम्हाला लोक उद्या घरचे गोड कोलाचे पाव आणून देतील, म्हातारी किती सरळ आहे म्हणून. माझा परवाना जाईल. केंट माझ्या हाताखाली काम करतो, त्याचं काय?

बाई : जाईल. खोटं सांगत नाही. आणि माझ्या बोलण्याने कोरीन सुटणारही नाही. त्याला तूच लागतोस.

लाइल : शिकवताना तरी सोपं शिकवायचात.

बाई : तीच तर चूक झाली.

(लाइल कागद स्वतःपुढे ओढतो.)

लाइल : पेन्सिल आहे?

बाई : पेन घे.

लाइल : आगीच्या रात्रीचा आकडा. चारशे गॅलन. पन्नासाच्याही खाली. हा इथे येतो. रेघेपासून केवढा लांब, बघा.

बाई : दिसतोय.

लाइल : बसत नाही, बाई.

बाई : राहू दे तो तिथेच.