बापूरावांची राखीव टोपली

काटकसर कशाला म्हणतात ते मला सांगू नका. मी आमच्या कचेरीतल्या हेडक्लार्क बापूरावांबरोबर बुधवारच्या बाजारात गेलेलो आहे.

बाजार उठायच्या आधी हा माणूस भाजीला हात लावत नसे. सकाळी ताजी भाजी घेणारे आम्ही सगळे त्याच्या लेखी मूर्ख. वर ऐकवायचा, "सगुणा माळीण माझ्यासाठी टोपली राखून ठेवते. गोऱ्या साहेबाच्या खानसाम्यालेही भेटत नाही असा मान."

मलाही मोह झाला, गेलो सोबत. सगुणाने खरंच पाठीमागून एक टोपली काढली. पिवळा पडलेला पालक, भोकं पडलेली वांगी आणि कोबीची नुसती वरची पानं. म्हणाली, "तीन पैसे."

बापूराव म्हणाले, "जास्त होतात वं. दोन घे."

"कमी नाही होत जी," सगुणा शांतपणे म्हणाली. "बाजूचा गवळी म्हशीसाठी या टोपलीचे चार पैसे, पुरा आणा देऊन राहिला. तुमच्या घरी लेकरं आहेत म्हणून तुम्हाले तीन पैशांत देतो."

मी मान खाली घातली. म्हटलं, आता हा टोपली भिरकावतो. बापूरावांनी मुकाट्याने तीन पैसे मोजले आणि भाजी पिशवीत भरली. आम्ही चौकापर्यंत आलो. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाहिलं का गा? याले म्हणते ओळख. म्हशीले आणा पडते, आपल्याले तीनच पैसे."