तेरावी कुस्ती

सभेचे अध्यक्ष आणि तालीम समितीचे प्रमुख माननीय पितांबरनाना, चिटणीस जीवरामभाऊ, सत्कारमूर्ती लोटन पैलवान, शेजारच्या गावांहून पायी आलेली वडीलधारी मंडळी आणि उजवीकडच्या सतरंजीवर दाटीने बसलेल्या माझ्या भगिनींनो,

लोटनभाऊंच्या मानपत्राचे काम समितीने माझ्याकडे दिले. मी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. कुस्तीतले मला काय कळते, असे मीच विचारले. नाना म्हणाले, "बाई, तुमनं अक्षर चांगलं शे." तेव्हा अक्षराच्या जोरावर इथे उभी आहे.

१९४८ साली गावात पटकीची साथ आली. साथ उतरावी म्हणून मरीआईला नवस बोलला गेला, की आमचा लोटन दरवर्षी तुझ्या जत्रेत कुस्ती खेळेल. लोटनभाऊ तेव्हा बावीस वर्षांचे. धुळ्याच्या मैदानात नुकतेच नाव झाले होते. साथ उतरली. त्याच वर्षीच्या चैत्रातल्या जत्रेपासून आजवर बारा जत्रा झाल्या, त्यांतली एकही त्यांनी चुकवली नाही. एरवी धुळे, जळगाव, भुसावळ इथली मैदाने मारली. भुसावळला रेल्वेची माणसे मालगाडीच्या टपावर चढून त्यांची कुस्ती बघत होती, असे सांगतात. त्यांच्या ढाक डावापुढे भलेभले पाठीवर गेले. टाळ्या वाजवा. इथपर्यंत टाळ्या योग्य आहेत.

१९५४ साली इंदूरच्या एका तालमीने त्यांना बोलावले. राहायला खोली, खुराक, पुढे वस्तादाची जागा. गावाने जाऊ दिले का? "नवस शे," एवढ्या दोन शब्दांत गावाने ते मिटवले. १९५७ च्या जत्रेत त्यांची मान दुखावली. आज उजव्या हाताने त्यांना सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, त्यांच्या पत्नी रुख्माबाई लावून देतात. धुळ्याच्या डॉक्टरांनी बजावले आहे, मान पुन्हा आपटली तर दोन्ही हात जातील. तरी त्यानंतरच्या दोन्ही जत्रांत ते लंगोट लावून उतरले. का उतरलात, असे मी विचारले. म्हणाले, "बाई, नवस मन्हा नई, गावना शे. मी कसा तोडू?"

आणि येत्या चैत्रातल्या जत्रेची जाहिरात जीवरामभाऊंनी छापूनही आणली. सर्वांत वर, ठळक अक्षरांत: लोटन पैलवान, तेरावी कुस्ती. आज सत्कार, चैत्रात आखाडा. राग मानू नका, पण बोकडालाही आपण आधी हारच घालतो.

मला लेखनात सनावळी चुकलेली चालत नाही. म्हणून नवस कोणी बोलला आणि कोणत्या शब्दांत, हे विचारत फिरले. समितीच्या कागदावर 'आजन्म' असे लिहिले होते. कोणी सांगितले? नानांना त्यांच्या वडिलांनी, आबांनी. आबांना? चावडीवर कोणीतरी. मग प्रत्यक्ष बोलले कोण? तर लोटनभाऊंची आत्या, धुरपदाबाई. तिच्या घरची दोन माणसे साथीत गेली होती. मरीआईपुढे पदर पसरून तीच बोलली होती. गेल्या मंगळवारी मी तिच्या ओट्यावर जाऊन बसले. ती शेंगा फोडत होती.

"अक्का, नवस किती वर्षांचा?"

"पाच सालना. मी पाचच साल बोलनू व्हतू."

"मग इतकी वर्षे बोलला का नाहीत?"

"बठ्ठा गडीमाणसे बोली राह्यंतात. माले कोन इचारस, माय? माले वाटनं, पोऱ्यालेच हौस शे."

तिला वाटले त्यांना हौस आहे, त्यांना वाटले गावाचा नवस आहे, आणि गावाने कोणालाच विचारले नाही. वरची सात वर्षे अशी गेली. इंदूर त्या सातांत गेले. मानही त्या सातांतच गेली.

तिथूनच मी लोटनभाऊंकडे गेले. वाटले, सुटल्याचा आनंद होईल. त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात धरला. मग म्हणाले, "मंग बाकीना सात साल मी कोनासाठे खेयनू?"

त्याचे उत्तर मी इथे विचारते. नाना, तुम्हाला येते का? जीवरामभाऊ?

धुरपदाबाई इथेच सतरंजीवर आहेत. अक्का, जरा उभ्या राहा. इतक्या माणसांत त्या बोलायच्या नाहीत, पण हात वर करतील. पाहिलीत बोटे? मागच्यांनीही मोजा. पाच.

आता कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे आभार माझ्याकडे आहेत, आणि आभार झाल्याशिवाय सभा सुटत नाही. जाहिरातीवरून लोटनभाऊंचे नाव काढल्याचे अध्यक्षांनी सर्वांसमक्ष सांगितल्याशिवाय मी आभार मानणार नाही. मला घाई नाही. शाळेतही उत्तर येईपर्यंत मी थांबते.

काय म्हणालात, नाना? देवी कोपेल? तिचे पाच तिला पोचले. वरचे सात आपण घेतले. कोपायचेच असेल तर ती आपल्यावर कोपेल.

मोठ्याने बोला, बायकांना ऐकू आले नाही.

"नाव काढी टाकं." ऐकले सर्वांनी? जीवरामभाऊ, तुम्हीही ऐकलेत ना? बरे.

तर अध्यक्षांचे आभार, समितीचे आभार, सतरंज्या देणाऱ्यांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या आपणा सर्वांचे आभार. लोटनभाऊ, पाच वर्षांबद्दल गावाच्या वतीने तुमचेही आभार. सात वर्षांबद्दल आभार मानता येत नाहीत. माझ्या बोलण्यात कमीजास्त झाले असेल, कोणाला लागले असेल, तर त्याची क्षमा मी मागते. त्या सातांची मात्र प्रत्येकाने जाताना लोटनभाऊंपुढे थांबून स्वतः मागावी. रांग या बाजूने लावा. नाना, आधी तुम्ही.