दुसऱ्या बाजूची शेवटची तीन मिनिटं

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या व्यापारी मंडळाचे सर्वेसर्वा शंकरराव, व्यासपीठावर बसलेले भिमाजी आप्पा, मंडळाचे सगळे पदाधिकारी, समोर बसलेल्या माझ्या माता-भगिनी, आणि मागं खांबाला टेकून चहाची वाट बघत उभी असलेली मंडळी, सगळ्यांना या म्हस्कूचा नमस्कार.

आप्पांनी आत्ताच सांगितलं की 'सूरसाज कॅसेट सेंटर'नं शिरूर तालुक्याला वीस वर्षं गाणं ऐकवलं. आप्पा, तुमचं मन मोठं आहे. पण खरं सांगू का? गेली चार वर्षं माझ्या दुकानात लोक फक्त एसटी कधी आहे ते विचारायला येत होते. सीडी आली, मग मोबाईलमध्ये गाणी भरून द्यायला लागले, आणि म्हस्कूशेठ काउंटरवर माश्या मारत बसले. तरी दुकान बंद करताना तुम्ही शाल दिलीत, नारळ दिलात. एवढं कोण करतं हो आजकाल?

हे भाषण मला सत्यजीत सरांनी लिहून दिलंय. अक्षर सुरेख आहे. यात एक वाक्य आहे, 'कलेची सेवा करताना माझ्या हातून कधीही प्रतारणा झाली नाही.' सर, राग मानू नका, पण हे वाक्य माझ्याच्यानं वाचवत नाही. कागद खिशात ठेवतो.

मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी 'माघारी' नावाची कॅसेट आहे? करा हात वर. लाजू नका, पोलीस आलेले नाहीत. बघा, अर्धा हॉल! दोन हजार एक सालची ती कॅसेट. गाणारीचं नाव कव्हरवर 'रुपाली'. पंच्याण्णवला तिची पहिली कॅसेट आली, तेव्हा तिच्या गाण्याशिवाय या तालुक्यात एक वरात निघत नव्हती. मग सत्त्याण्णवपासून चार वर्षं ती गप्प झाली. आणि परत आली ती ही नऊ गाणी घेऊन. त्यात नाचायचं एकही नव्हतं. सगळी घरातली, मेंढरांची, आईबापाची. पुण्या-मुंबईत कुणी विचारलं नाही. इथं मात्र उड्या पडल्या, कारण ही रुपाली-बिपाली कुणी नाही, निमोण्याची बया आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि ती माझी सख्खी धाकटी बहीण, हेही ठाऊक होतं. तुम्ही भली माणसं, माझ्या तोंडावर कधी बोलला नाहीत.

पहिल्या कॅसेटच्या कव्हरवर तिनं पॅन्ट घातली होती. एवढंच. आज माझी पुतणी हर्षदा जीन घालून माझ्यासमोर बसलीय आणि मीच तिला गाडीवर सोडतो. पण तेव्हा मी भावकीसमोर बयाला म्हणालो, "निमोण्यात पुन्हा पाय टाकायचा न्हाई." सत्त्याण्णवला आमचे आबा गेले. मी तिला निरोप उशिरा धाडला. मुद्दाम धाडला. ती सावडायच्या दिवशी पोचली, तवा राख तेवढी शिल्लक होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "दादा?" फक्त एवढंच. मी पाठ फिरवली. त्या दिवसापासून तिनं गाणं सोडलं.

म्हणजे बघा, 'माघारी' आली तेव्हा गिऱ्हाईक दारात, आणि माझ्या मनात हा असा विस्तव. काय करावं? कंपनीनं पाच कॅसेटी धाडल्या, चार सकाळीच परगावच्या गिऱ्हाइकांनी नेल्या, पाचवी मी कॉपीसाठी ठेवली. मग मी दौंडहून कोऱ्या कॅसेटी आणल्या आणि कॉप्या काढायला बसलो. बहिणीच्या गाण्याची चोरी केली, हे आज शाल पांघरून कबूल करतो. पण त्याहून वाईट सांगतो. आमच्या डेकवर दुप्पट वेगानं कॉपी निघते. त्या वेगात माणसाचा आवाज चिरका येतो, उंदरासारखा. तेवढाही कानावर पडू नये म्हणून मी आवाजाचं बटण शून्यावर ठेवायचो. शेकडो कॉप्या काढल्या. एक गाणं ऐकलं नाही. मालन, माझी बायको, म्हणायची, "आवो, एकदा ऐका तरी. पोरगी कायतरी सांगतीय." मी म्हणायचो, "तू तुझा सैपाक बघ."

आता मधेच एक जुनी गोष्ट सांगतो. कंटाळू नका, चहाला अजून वेळ आहे, मी मघाशी विचारून आलो.

आम्ही धनगराची पोरं. लहानपणी आबा मेंढरं दोन भागांत करायचे. टेकडीच्या अलीकडं मी, पलीकडं बया. मधनं मधनं ती हाळी द्यायची, "दादाऽऽ होऽऽ!" आणि मी ओ द्यायचो, "ओऽऽ, आलोऽऽ!" जायचो कुठला? पण ओ द्यायची. आबांचा नियम कडक होता. "भांडान झालेलं आसू द्या, तोंड बघायचं नसंल तरी चालंल, पर हाक आली का ओ द्यायची. ओ न्हाई आली तर समोरच्यानं काय समजायचं? लांडगा आला, न्हाईतर माणूस पडलं." एकदा रुसून मी ओ दिली नाही, तर ही पोरगी अख्खी टेकडी चढून धापा टाकत आली. मी धड आहे बघून तिनं मला चपलेनं मारलं.

आता तीन महिन्यांमागं दुकान आवरताना फळीच्या मागं 'माघारी'ची एक कंपनीची कॅसेट निघाली. पाचांसोबत ही सहावी कशी आली देव जाणे, पण सील तसंच होतं. विकायची कुणाला? लावली. पहिल्यांदाच साध्या वेगानं, आवाज मोठा करून. मालन शेजारी बसली. आठ गाणी झाली. मी काही रडलो-बिडलो नाही. आबांच्या काठीचं गाणं लागलं तेव्हा डोळ्यांत कचरा गेला, ते वेगळं.

मग नववं गाणं. ते तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे, आणि ते मधेच खटकन तुटतं, हेही पाठ आहे. लोक म्हणायचे, कसला नवा प्रकार काढलाय बयानं, कडवं अर्धंच सोडलंय! प्रकार कसला? कंपनीच्या कॅसेटची दुसरी बाजू तेहतीस मिनिटांची. माझी कोरी कॅसेट तीस मिनिटांची. मी कधी ऐकलंच नाही, तर मला कळणार कसं?

त्या तीन मिनिटांत कडवं पुरं होतं. वाद्यं थांबतात. आणि बया गात न्हाई, हाळी देती. "दादाऽऽ होऽऽ!" मग काही न्हाई. नुसती टेप फिरती. तिनं जागा सोडलीय, माझ्यासाठी. मग पुन्हा एकदा, "दादाऽऽ होऽऽ!" पुन्हा तेच. मग बटण उडालं.

मालन म्हणाली, "येवढं ऱ्हायलं होतं व्हय आपल्या समद्या कॅसेटीत?"

सहा वर्षं, मंडळी. सहा वर्षं ती तिकडं काय समजली आसंल? लांडगा आला, का माणूस पडलं?

ती सोलापुरात असती, लहान पोरांना गाणं शिकवती. स्वतः पुन्हा गायली न्हाई. मी पत्र टाकलं, उत्तर न्हाई. फोन केला, "मी म्हस्कू" म्हणालो, तिकडून ठेवला. शंकररावांनी आजची पत्रिका तिला धाडली. मालनच्या शेजारची ती खुर्ची सकाळपासून राखून ठेवलीय. मागं कुणी उभं असंल तर बसून घ्या आता तिथं.

उद्या पहिल्या एसटीनं दौंड, तिथून सोलापूरची गाडी. हौसराव, शूटिंग चालू हाय ना? टेप किती उरलीय? नीट बघून सांगा, आपल्याला एकदा अनुभव आलाय. वीस मिनिटं? भरपूर झाली. ती टेप मला आजच द्या. दार उघडलं तर हातात देईन, न्हाई उघडलं तर उंबऱ्यावर ठेवून येईन.

मंडळाचे, आप्पांचे, सत्यजीत सरांचे आणि तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. वीस वर्षांत कुणाला उलटं बोललो असेन, कुणाची कॅसेट गुंडाळली असेल, तर पोटात घाला. ज्यांच्या घरी अर्धं गाणं आहे त्यांनीही माफ करा, पुरं मी भरून देईन, साध्या वेगानं, समोर बसून. आता आवाज थोडा चढंल, म्हणून माईक बाजूला करतो. टेकडीवर कुठं माईक होता?

ओऽऽऽ! बयाऽऽ! आलोऽऽऽ!