मॉरिसचा बैल अम्बॅसिडरला शिवल्याबाबत

नाव: सौ. चारुलता चिंतामण मेंढे. वय: छप्पन्न. धंदा: घरकाम, मोटारीचे काम एकदाच केले आहे. राहणार: जुन्या कचेरीच्या मागे, बालाघाट. दिवस: पोळ्याचा दुसरा, सन १९६८.

वरील नावाची मी, ठाण्याच्या बाकावर बसून, कोणाच्याही दडपणाखाली नसताना सांगते की, माझे यजमान श्री. चिंतामण मेंढे हे येथे वकिली करीत असत. त्यांचे मूळ घर किरनापूरजवळच्या खेड्यात असून ते शेतकऱ्याचे आहे. माझे शिक्षण नागपूरला कॉन्व्हेंटात झाले. तेथे इंग्रजी, थोडा पियानो आणि पुष्कळ शिवणकाम शिकवीत. पियानोचा या प्रकरणाशी संबंध नाही. हा जबाब मराठीत लिहून घ्यावा अशी मी विनंती केली. हेड कॉन्स्टेबल भैयालाल यांची घरची बोली मराठी असल्याने ठाणेदारसाहेबांनी ती मान्य केली.

आमच्याकडे सन १९४९ पासून एक मॉरिस गाडी आहे. सध्या ती अंगणात विटांवर उभी आहे. तिच्या नाकावरच्या बिल्ल्यावर पाण्यातून चालणारा एक बैल कोरलेला आहे. यजमानांनी ती गाडी त्या बैलासाठीच घेतली, इंजिन त्यांनी नंतर पाहिले. शहरात बैल ठेवता येत नाहीत म्हणून ते दर वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तूप-हळदीची वाटी घेऊन गाडीसमोर उभे राहत, बिल्ल्याला बोट लावीत आणि म्हणत, "आज आवतण घे, उद्या जेवाले ये." दुसऱ्या दिवशी मॉरिस गावी जाऊन तोरणाखाली खऱ्या बैलांच्या रांगेत उभी राही. पहिल्या वर्षी मी तोंडावर पदर धरून हसले. नंतरच्या वर्षांत तूप मीच कढवीत असे.

गेली दोन वर्षे यजमानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्याच सुमारास त्यांना माणसांचा आणि वस्तूंचा विसरही पडू लागला. काय विसरतील आणि काय राहील याचा काही नियम नाही.

आमचा मुलगा वसंता भिलाईला नोकरीस आहे. त्याची अम्बॅसिडर नाव नोंदवून कित्येक वर्षांनी या उन्हाळ्यात मिळाली. वडिलांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला न्यावे म्हणून त्याने ती आमच्याकडे ठेवली आणि स्वतः सायकलने कामावर जातो. गाडी दारात आली तेव्हा यजमान पायऱ्या उतरून समोर गेले, बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हे आपली नाही. आपल्या गाडीले बैल हाये. कोणाची गाडी आणून राह्यले तुम्ही?" त्यानंतर ते तिच्यात बसले नाहीत. मी समजावले, वसंताने समजावले, ड्रायव्हर प्रेमलालने हात जोडले. ऑपरेशनची एक तारीख गेली. दुसऱ्या तारखेला आगगाडीने नेले, तर गोंदियाला उतरून ते आपण होऊन परतीच्या गाडीत जाऊन बसले आणि डब्यातल्या लोकांना म्हणाले, "या बाईले सांगा कोणीतरी, बालाघाट इकडं हाये." नागपूरच्या डॉक्टरांनी कळवले की ही तिसरी तारीखही गेली, तर आधी करायच्या डोळ्याची हमी ते देणार नाहीत. ती तारीख उद्याची आहे.

म्हणून बैल नव्या गाडीवर हलवावा असे मी ठरवले. अम्बॅसिडर मॉरिसच्याच नमुन्यावरून काढलेली, म्हणजे दोन्ही गाड्यांचे कूळ एकच आहे असे मी ऐकून होते, त्यामुळे हे काही परक्या घरात घुसणे नाही, अशी मी मनाची समजूत घातली. अडचण हमीची होती. नव्या गाडीच्या हमीपत्रात लिहिले आहे की मूळ बांधणीत छिद्र, डाग किंवा जोड केल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही. वसंताने गाडी सोडून जाताना मला हे दोनदा वाचून दाखवले होते. तो जन्मला तेव्हाही डॉक्टरांनी मला इतक्या सूचना दिल्या नव्हत्या.

सराव म्हणून मी आधी मॉरिसचा बिल्ला काढला. त्यासाठी स्वयंपाकघरातले उलथणे वापरले. बिल्ला निघाला आणि त्यासोबत बशीएवढा रंगही निघाला. मला कॉन्व्हेंटात हस्तकलेचे पहिले बक्षीस होते, हे मी त्या क्षणापर्यंत शेजारणींना सांगत असे.

दुसऱ्या दिवशी यजमान दुपारी झोपले असता नव्या गाडीचे काम केले. बॉनेट उघडून पाहिले तर तिचा बिल्ला आतून दोन चापांनी धरलेला होता. उलथणे पुन्हा घेतले नाही. चापांवर खोबरेल तेल सोडले, चहा करून प्यायले, आणि नंतर विणकामाच्या हाडाच्या सुईने एकेक चाप मागून ढकलला. बाहेरून प्रेमलालने मऊ फडके घेऊन बिल्ला झेलला. रंगावर ओरखडा आला नाही. मला इतका आनंद झाला की मी प्रेमलालला दोन लाडू दिले आणि तो मधुमेही आहे हे मागाहून आठवले.

पुढची अडचण अशी की मॉरिसच्या बिल्ल्याचे खिळे अम्बॅसिडरच्या छिद्रांत बसेनात. प्रेमलाल म्हणाला, "बाई, ड्रिल आणू का?" मी त्याला गाडीपासून दूर उभे राहण्यास सांगितले. मग मला कॉन्व्हेंटात शिवणकाम शिकवणाऱ्या सिस्टर आग्नेस आठवल्या. जाड कोटाला बटण लावताना त्या सांगत, बटण कापडाला चिकटून शिवू नका, मध्ये काडी ठेवा, टाका सैल घ्या, मग दोऱ्याचे वेढे देऊन त्याला मान करा, म्हणजे कापडाला ताण येत नाही. त्या आता हयात नाहीत. असत्या तरी हे काम त्यांना दाखवण्याचे धाडस मला झाले नसते. यजमानांच्या जुन्या फ्लॅनेलच्या बंडीचा तुकडा बिल्ल्याच्या मापाने कापून मागे अस्तर दिले, त्यामुळे धातू रंगाला लागत नाही. चांभाराकडचा मेणाचा दोरा मूळच्याच छिद्रांतून ओवून बैल बटणासारखा शिवला. एकही नवे छिद्र पाडलेले नाही. हे वाक्य जबाबात ठळक लिहावे, कारण वसंता वाचेल.

डिकीवरचे अम्बॅसिडरचे नाव मी तसेच ठेवले, कारण यजमान गाडीच्या मागे कधी जात नाहीत. पोलीस जातात, हे मला सुचले नाही.

यजमान उठल्यावर पायऱ्या उतरले. त्यांनी हात फिरवला. हात बैलावर थांबला. ते म्हणाले, "कुठं गेलता रे?" आणि गाडीत बसले. मी दार लावले. याव्यतिरिक्त त्या दुपारी सांगण्यासारखे काही घडले नाही.

काल पोळा होता. गावी गेल्याशिवाय नागपूर नाही, असे यजमानांनी सांगितले, म्हणून गावी मुक्काम करून आज सकाळी परस्पर नागपूरला निघावे असे ठरले. गाडी तोरणाखाली उभी केली. माझी जाऊ शेवंताबाई हिने आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळून उरलेली वाटी आणून नव्या गाडीचेही दोन्ही खांदे, म्हणजे बॉनेटच्या दोन्ही बाजू, तूप-हळदीने भरपूर मळले. मी म्हणाले, "अगं, रंग जाईल!" ती म्हणाली, "जाऊ दे ना वो बाई, नवा बैल हाये, त्याचा पहिला पोळा हाये!" तेव्हा यजमान हसत होते, म्हणून मी दुसरी वाटी आणून दिली. गाडीचा मूळ रंग पांढरा आहे. आज तो फक्त माझ्या फ्लॅनेलखाली, तळहाताएवढा, पांढरा उरला आहे. तेवढ्या भागाची हमी मी देऊ शकते.

आज सकाळी बालाघाटच्या नाक्यावर शिपायाने गाडी अडवली. समोरून मॉरिस, मागून अम्बॅसिडर, मध्ये हळद, आणि खराब रस्त्याने दोरा ढिला पडून बैल वाकडा झालेला. गाडी चोरीची असावी असा त्याला संशय आला. मी त्याच्या जागी असते तर मलाही आला असता. त्याने यजमानांना विचारले, "गाडी कोणाची?" ते म्हणाले, "माझी." "कोणती?" "मॉरिस." नंबर विचारला तेव्हा त्यांनी विटांवरच्या गाडीचा नंबर खडानखडा सांगितला. शिपायाने तो पाटीशी ताडून पाहिला आणि प्रेमलालला खाली उतरवले. अम्बॅसिडरचा मूळ बिल्ला कुठे आहे असे विचारल्यावर तो माझ्या पर्समधून, लेसच्या रुमालात गुंडाळलेला निघाला. त्यामुळे माझी बाजू बळकट झाली नाही.

नंतर शिपायाने माझ्याकडे बोट दाखवून यजमानांना विचारले, "और ये बाई कौन है?" त्यांनी वाकून माझा चेहरा जवळून पाहिला. मग म्हणाले, "नाव नाही सांगता येत मले. पण आमच्या मॉरिसमध्ये डाव्या बाजूले ह्याच बसतात."

हे उत्तर बरोबर आहे. मला त्यात काही दुरुस्ती सुचवायची नाही.

ठाण्यात आल्यावर ठाणेदारसाहेबांनी भिलाईला ट्रंक कॉल लावला. वसंताने गाडी आपली असल्याचे, ती आपणच दिल्याचे आणि मी त्याची आई असल्याचे सांगितले. मग त्याने मला फोनवर घेतले. "आई, ड्रिल केलंस?" मी म्हणाले, "नाही." "रंग?" मी म्हणाले, "बाबा गाडीत बसलेत." मग तो म्हणाला, "मग रंगाचं राहू दे."

ठाणेदारसाहेबांची खात्री पटली, तरी ते म्हणाले, "माताजी, गाड़ी ले जाइए, मगर यह बैल जमा करना पड़ेगा. कागज में अम्बॅसिडर है." बैल कोणाचा चोरलेला नसून आमच्या घरचाच आहे, आणि तो काढला तर यजमान गाडीत बसणार नाहीत व उद्याची तारीख जाईल, असे मी सांगितले. साहेब खिडकीपाशी गेले. बाहेर यजमान गाडीला टेकून उभे होते. वाकडा बैल हाताने सरळ धरून ते प्रेमलालला सांगत होते, "याले मोकळा सोडू नको. याले रस्ता माहीत नाही." साहेब परत आले आणि मराठीत म्हणाले, "नागपूरहून या, मग जमा करा." त्यांना मराठी येते हे आम्हाला त्या वेळी कळले.

हवालदार भैयालाल यांनी ठाण्यातले कागद शिवायचे दाभण आणि पांढरा दोरा मला दिला. गाडी आवारात घेऊन मी बैल पुन्हा शिवला. बॉनेट दोन शिपायांनी धरले. त्यांपैकी एक म्हणाला, "आक्का, गाठ उलटी बांधा, नाहीतर सुटते." तशी बांधली. यजमान माझ्या शेजारी उभे राहून टाके बोटाने चाचपत होते. त्यांनी विचारले, "कोणी शिवला हा?" मी म्हणाले, "डाव्या बाजूला बसते ती." ते म्हणाले, "हौ. तिचा हात चांगला हाये."

उन्हे उतरण्याआधी आम्हाला निघायचे आहे. परत आल्यावर मी बैल घेऊन ठाण्यात हजर होईन, किंवा तेव्हा डोळा चांगला झाला असेल तर यजमान स्वतः घेऊन येतील.

वरील मजकूर हवालदार भैयालाल यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. यजमानांनीही तो गाडीच्या खिडकीतून ऐकला आणि आवडल्याचे सांगितले. मी सांगितल्याप्रमाणे तो बरोबर आहे, म्हणून खाली सही करते. ठाण्यातला सगळा दोरा बॉनेटला लागल्यामुळे जबाबाचे कागद शिवता आलेले नाहीत, तूर्त माझ्या पदराची पिन लावून दिली आहे.