काळ्याच्या कमरेला उजेड

हॅलो?… हां मैथिली, बोल. पोचलात का धाराशिवला?… काळ्या कसाय? मागचे पाय अजून ओढतोच ना?… मग डॉक्टर काय म्हणाले?… लेझर? ते वरातीत डीजेवर मारतात ते?… बरं बरं, औषधाचं. म्हणजे करणार काय?… उजेडाचा शेक! अगं, अणदुरात ऊन कमी पडलं म्हणून धाराशिवला उजेड घ्यायला गेलात व्हय?

हो, हो… ऐकतेय… चष्मा? कुत्र्याला? तोही काळा?… झाला की नवरदेव! फेटा कधी बांधतायत?… हसत न्हाई गं. तीन आठवडे पोत्यावर घालून मीच त्याला अंगणात नेतेय, मला कसलं हसू?

मग लावा की तो उजेड… का न्हाई?… कशानं भाजेल?… तेलानं?… थांब, थांब. डॉक्टरांना म्हणावं, ती घाण न्हाई, भंडारा आहे. सकाळी निघताना मीच लावला, कमरेला तेल चोळून. खंडोबाच्या दारातलं कुत्रं, दवाखान्यात काय तसंच पाठवायचं?… एवढं मोठं मशीन, नि चमचाभर तेलाला भितंय!… काळे केस आधीच तापतात, त्यात तेल… हां, कळलं. तुझ्या आईचं चुकलं म्हण, अजून काय!

धुवा मग साबणानं… धरू देत न्हाई? वीरप्पाला सांग की, तुम्हाला घेऊन एवढा टेम्पो चालवत गेला… चावला?… रक्त आलं?… नुसता दात लावला ना, मग ओरडतो कशाला? काळ्याची सगळी इंजेक्शनं झालीत म्हणावं.

काय? तोंड बांधणार? अजिबात न्हाई!… मग उद्या धुवू… उद्या मशीन नसतं?… सोलापूरला परत?… पुढच्या मंगळवारी! नि तोवर पाय पारच गेले तर?… असं डॉक्टरच म्हणाले?

किती वाजेपर्यंत आहेत ते?… पाच. आता दीड… अगं ऐक ना! डॉक्टरांना म्हणावं, चहा घ्या, जेवा, झोपा, पण मशीन उचलू नका. पिल्लू होता तेव्हापासून मीच अंघोळ घालते त्याला, दुसऱ्याचा हात त्याला चालत न्हाई… हो, मीच. मिळेल त्या गाडीनं…

तुझं लेझर पटलंय कुणाला? उजेड तो उजेडच! पण चार लोकांत असा तेलकट बसलाय, त्याला लाज नको?… ठेव आता, टॉवेल शोधू दे.